धर्म बदलला, मग गाणं कुणाचं?

मिशनरी म्हटलं की आपण एकतर हात जोडतो किंवा मुठी आवळतो. पण हर्णैच्या किनाऱ्यावरून निघालेला एक धागा नाशिकमार्गे थेट आफ्रिकेत पोहोचतो. तो धरून चाललं की प्रश्न जरा वेगळाच दिसायला लागतो.

शाळेत 'केवढे हे क्रौर्य!' ही कविता तुमच्यापैकी अनेकांनी वाचली असेल. जखमी पक्षीण आणि घरट्यात तिची वाट बघणारी पिल्लं. पाठ केली, परीक्षेत लिहिली, मार्क मिळाले, विषय संपला. पण कवीच्या नावाआधी एक शब्द असतो, त्याकडे आपलं लक्ष जात नाही. 'रेव्हरंड'. रेव्हरंड नारायण वामन टिळक, म्हणजे चर्चचे पाद्री. आडनाव टिळक, जन्म ब्राह्मण घरातला, तोही आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. तारीख ६ डिसेंबर १८६१.

आता हे वाचल्या वाचल्या तुमच्या मनात काय आलं ते जरा तपासा. 'अरे वा' आलं, की 'अरेरे'?

कॉलेजच्या कट्ट्यावर मिशनऱ्यांचा विषय निघाला की लगेच दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, शाळा, दवाखाने, छापखाने त्यांनीच आणले. दुसरी म्हणते, त्यांनी आपली संस्कृती बुडवली. दोन्हीकडे पुरावे असतात आणि दोन्हीकडचे पुरावे खरेही असतात, त्यामुळे वाद चहा संपेपर्यंत चालतो आणि तिथेच संपतो. माझं म्हणणं एवढंच आहे की एक प्रश्न दोन्ही पार्ट्या विचारत नाहीत. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे ठरवलं कोणी? मिशनने, की ज्यांचं आयुष्य बदलत होतं त्या माणसांनी?

हाच प्रश्न घेऊन थोडं फिरून येऊ. सुरुवात घराजवळून करू.

हर्णैत मराठीची शिकवणी

हर्णैला आपण कशाला जातो? संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघायला आणि सुवर्णदुर्गाचे फोटो काढायला. बाणकोटला गेलो तर सावित्री नदीच्या मुखावरचा किल्ला बघायला. पण स्कॉटिश मिशनरी सोसायटीने १८२३ साली या भागात काम सुरू केलं ते मुंबईत किंवा पुण्यात नाही, तर या बाणकोट-हर्णैच्या पट्ट्यात. काम म्हणजे काय, तर गावोगाव शाळा काढायच्या आणि मराठीत बोलायचं.

१८२९ साली जॉन विल्सन नावाचा तरुण स्कॉटिश पाद्री मुंबईत उतरला. मराठी शिकण्यासाठी तो काही महिने इकडे हर्णै-बाणकोटला येऊन राहिला आणि थोड्याच काळात मराठीत प्रवचन द्यायला लागला. पुढे मुंबईत १८३२ साली त्याने काढलेल्या शाळेचं आजचं रूप म्हणजे गिरगाव चौपाटीसमोरचं विल्सन कॉलेज. हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे परत येणार आहे.

मिशनच्या कामाचं गणित सरळ होतं. लोकांची भाषा आली नाही तर लोक ऐकणार नाहीत. त्यामुळे व्याकरणं झाली, भाषांतरं झाली, क्रमिक पुस्तकं झाली. अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये अहमदनगरहून 'ज्ञानोदय' सुरू केलं. हेतू लपवलेला नव्हता, धर्मप्रसार हाच होता. पण एकदा शाळा उघडली की तिथून कोण काय घेऊन बाहेर पडेल, हे शाळा चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही.

याचं सगळ्यात भारी उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. दापोलीत एस. पी. जी. मिशनची शाळा होती. दापोलीच्या ए. जी. हायस्कूलच्या नावातला 'ए. जी.' म्हणजे आल्फ्रेड गॅडने हे त्याच मिशनचे गृहस्थ. या मिशन शाळेतून १८९७ साली एक मुलगा मॅट्रिक झाला, पांडुरंग वामन काणे. पुढे त्यांनी 'हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र' हा पाच खंडांचा ग्रंथ लिहिला आणि १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. हिंदू धर्मशास्त्राचा सगळ्यात मोठा इतिहासकार मिशनच्या शाळेत शिकला होता! जोतीराव फुलेही पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. तिथून त्यांनी समतेचा विचार उचलला, धर्म उचलला नाही, आणि पुढे सत्यशोधक समाज काढला.

म्हणजे समोरचा काहीतरी देतोय आणि घेणारा निवडून घेतोय. हे झालं चांगलं चित्र. पण निवडायची मोकळीकच नसेल तर?

ओवी लिहिणारे, ओवी बंद करणारे

त्यासाठी थोडं दक्षिणेला, गोव्यात जाऊ. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि तिथलाच झाला. त्याने मराठी पुराणांचा घाट उचलला आणि ख्रिस्ताची कथा ओव्यांमध्ये लिहिली. जवळपास अकरा हजार ओव्या. हे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली रायतूरला छापलं गेलं. देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापलं, पण भाषा मराठी. त्यात मराठीची जी स्तुती आहे ती आजही मराठी भाषा दिनाच्या भाषणांमध्ये हमखास ऐकू येते.

हे वाचून छान वाटतं ना? आता त्याच गोव्यातली दुसरी बाजू. १५६० पासून तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, होतं. ते १८१२ पर्यंत, मधला एक छोटा खंड सोडला तर, चाललं. १६८४ साली पोर्तुगीज सरकारने फर्मान काढलं की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं. १७३६ च्या फर्मानात तर लग्नघरातली पारंपरिक गाणी, दारातली तुळस, धोतर, चोळी यांच्यावरही बंदी आली. कोणासाठी? ज्यांनी आधीच ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता त्यांच्यासाठी. धर्म बदलून भागत नव्हतं. लग्नात काय गायचं, अंगात काय घालायचं, अंगणात काय लावायचं, हेही बदलायला हवं होतं.

धर्म तोच, प्रदेश तोच. एकाने ओवीत देव आणला आणि दुसऱ्याने लग्नातलं गाणं गुन्हा ठरवलं. 'मिशनऱ्यांनी संस्कृतीचं काय केलं' याला एका वाक्यात उत्तर का देता येत नाही, ते इथे कळतं. स्टीफन्सच्या हातात लेखणी होती. फर्मान काढणाऱ्यांच्या हातात शिपाई होते. आणि एक गोष्ट दोघांमध्येही सारखी होती. निर्णय बाहेरून आलेल्या माणसाचा होता, मग तो प्रेमाने घेतलेला असो की जबरदस्तीने.

करजगावचे टिळक

टिळकांची गोष्ट वेगळी आहे ती इथे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. बोलणं झालं, त्याने बायबलची प्रत दिली. टिळक तेव्हा चांगले संस्कृत जाणणारे, कविता करणारे, वाद घालणारे होते. दोन वर्षं वाचन, पत्रव्यवहार, घालमेल यात गेली आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. जातीने वाळीत टाकलं, घर मोडायच्या बेतात आलं. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या.

पुढे टिळक अहमदनगरला अमेरिकन मिशनमध्ये काम करू लागले आणि तिथे त्यांना दुसरा धक्का बसला. देव बदलला होता, पण सोबत बऱ्याच गोष्टी न मागता आल्या होत्या. प्रार्थनेतली गाणी म्हणजे इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं, मराठी कानाला खडबडीत. कारभार परदेशी माणसांच्या हाती. 'ख्रिस्ती झालास म्हणजे साहेब झालास' असं गावही समजायचं आणि नवे ख्रिस्तीही.

टिळकांनी हे मानायचं नाकारलं. तुकारामाच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते उघडपणे सांगत. त्यांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, ख्रिस्ती कीर्तनाला बळ दिलं. महाराष्ट्रातल्या मराठी चर्चमध्ये आजही रविवारी जी भजनं म्हटली जातात त्यांतली कितीतरी टिळकांची आहेत. टाळ वाजतो, पेटी वाजते, चाल ओळखीची असते आणि नाव ख्रिस्ताचं असतं. बायबलमधली ख्रिस्तकथा त्यांनी 'ख्रिस्तायन' या नावाने काव्यात लिहायला घेतली. ती त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही, पुढचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला.

आणि मग १९१७ साली, वयाच्या छप्पनाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. ज्या मिशनने आसरा दिला तिच्याशी भांडण करून नव्हे, पण तिच्या हाताखाली राहूनही नाही. दोन वर्षांतच, ९ मे १९१९ ला ते गेले आणि दरबार फार टिकला नाही. पण त्यांनी टाकलेलं पाऊल बघा. ख्रिस्त मी निवडला, आता त्याला कुठल्या भाषेत हाक मारायची हेही मीच ठरवणार.

'संस्कृती' म्हणजे कोणाची?

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, चला, उत्तर मिळालं. धर्म कुठलाही घ्या, संस्कृती जपा. पण थांबा, इतकं सोपं नाही.

अहमदनगर भागात मिशनकडे आलेल्यांमध्ये बहुसंख्य होते ते महार आणि मांग समाजातले लोक. ज्याला गावच्या पाणवठ्यावर पाणी भरू दिलं जात नव्हतं, देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्याला जाऊन 'बाबा रे, परंपरा सोडू नकोस' असं कोणत्या तोंडाने सांगणार? टिळकांसारख्या ब्राह्मणाला परंपरेत जपण्यासारखं पुष्कळ दिसत होतं, संस्कृत होतं, अभंग होते. दुसऱ्या कुणासाठी त्याच परंपरेचा रोजचा अर्थ अपमान हा होता. त्याने ती मुद्दाम, विचार करून टाकली असेल, तर तोही त्याचा निर्णयच आहे.

खुद्द लक्ष्मीबाईंची गोष्ट वाचा. 'स्मृतिचित्रे' वाचलं नसेल तर या सुट्टीत वाचाच, हसून हसून पुरेवाट होईल आणि मध्येच घशाशी आवंढा येईल. त्यांचे वडील सोवळ्यापायी घरात येणारी जवळपास प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायचे. त्या घरात वाढलेली ही बाई नवऱ्यामागून आंधळेपणाने ख्रिस्ती झाली नाही. आधी स्वतःच्या मनातल्या जातिभेदाशी भांडली, तो सोडला आणि मग १९०० साली, स्वतःला पटल्यावर, बाप्तिस्मा घेतला. सोवळं सोडलं, पण त्यांचं मराठी बघा. माजघरातलं, ठसकेबाज, कुठेही मिशनच्या पुस्तकी भाषेचा वास नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण तिथल्या सिस्टर मंडळींनी सांगितलेलं सगळं मान्य केलं, असं अजिबात नाही. शाकाहार सोडला नाही. धर्मतत्त्वांवर त्यांच्या गुरुभगिनीशी पत्रांमधून खडाजंगी झाली. क्रूसावर लॅटिन शब्द कशाला हवेत, संस्कृत का नकोत, असं त्यांचं म्हणणं होतं. आणि दुसरीकडे विधवांचे हाल करणारी रूढी त्यांनी जराही जपली नाही. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात कितीतरी मुली-बायकांना आसरा मिळाला.

आणि ख्रिस्ती न होताही हाच प्रश्न सोडवायची धडपड चालू होतीच. रत्नागिरीत १९३१ साली भागोजीशेठ कीर यांनी बांधलेलं, सगळ्या जातींना खुलं असलेलं पतितपावन मंदिर हे त्याच काळातलं. तुम्ही त्याच्यावरून रोज जात असाल.

नाशिकचे आफ्रिकन

आता निवडायची संधीच ज्यांना मिळाली नाही त्यांच्याबद्दल. नाशिकला गेलात तर शरणपूर रोड लागेल. शोरूम, कॅफे, ट्रॅफिक. हे शरणपूर म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसवलेली ख्रिस्ती वस्ती. आणि तिथे साठच्या दशकापासून आफ्रिकन मुलं राहत होती. हो, नाशिकात.

झालं असं की त्या काळात पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलामांचा व्यापार जोरात होता. ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबतं पकडायचं. सुटका झालेली मुलं मुंबईच्या धक्क्यावर उतरवली जायची आणि त्यातली काही मिशनकडे सोपवली जायची. शरणपूरला त्यांना लिहायला-वाचायला शिकवलं, सुतारकाम, लोहारकाम शिकवलं, बाप्तिस्मा दिला आणि नवी नावं दिली. चेंगविंबे नावाचा याओ जमातीचा मुलगा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. दुसरा जेकब वेनराइट. आईने ठेवलेली नावं बहुतेकांच्या बाबतीत कागदावर आलीच नाहीत.

डेव्हिड लिव्हिंग्स्टन या मिशनरी संशोधकाचं नाव भूगोलात वाचलं असेल. आफ्रिकेत गुलामांच्या तांड्यातून सुटलेली चुमा आणि विकातानी ही दोन मुलं त्याने १८६४ साली मुंबईत आणली आणि शाळेत ठेवली. शाळा कुणाची? आपल्या हर्णैला मराठी शिकलेल्या त्या जॉन विल्सनची. विल्सननेच त्यांना बाप्तिस्मा दिला आणि चुमाचा जेम्स चुमा झाला. जानेवारी १८६६ मध्ये लिव्हिंग्स्टन मुंबईहून शेवटच्या मोहिमेवर निघाला, तेव्हा या दोघांसोबत शरणपूरची नऊ मुलंही होती. वेनराइट वगैरे आणखी काही जण नंतर त्याला जाऊन मिळाले.

१ मे १८७३ रोजी आजच्या झांबियातल्या चितांबो गावात लिव्हिंग्स्टन वारला. त्याच्या सोबत्यांनी त्याचं हृदय तिथेच झाडाखाली पुरलं. वेनराइटने प्रार्थना वाचली आणि झाडावर अक्षरं कोरली. मग ते शरीर वाळवून, गुंडाळून, सुमारे दीड हजार किलोमीटर पायी चालत त्यांनी समुद्रकिनाऱ्यावर आणलं. १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये अंत्यसंस्कार झाला, तेव्हा नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट खांदेकऱ्यांमध्ये होता. तिथल्या शिळेवर कोरलंय की विश्वासू हातांनी त्याला इथवर आणलं. हात कोणाचे, ते लिहिलेलं नाही.

त्यानंतर लगेचच मोंबासाजवळ फ्रेअर टाउन ही सुटका झालेल्या गुलामांची वस्ती उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांचं नाव तिला दिलं गेलं आणि ती उभारायला शरणपूरचेच प्राइससाहेब गेले. नाशिक-मुंबईत वाढलेले आफ्रिकन तिथे शिक्षक, कारागीर, प्रचारक म्हणून नेले गेले. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन्स' असंच म्हणत. जरा कल्पना करा. लहानपणी पळवून नेलेलं, महाराष्ट्रात वाढवलेलं, इंग्रजी नाव दिलेलं माणूस 'आपल्या' खंडात परत जातं आणि तिथल्या लोकांची भाषा त्याला नव्याने शिकावी लागते.

मिशन नसतं तर ही मुलं कुठल्यातरी बाजारात विकली गेली असती, हे खरंच आहे. पण ती वाचली तेव्हा त्यांची नावं, बोली, देव, गाणी यांचं काय करायचं, हे त्यांना कोणी विचारलं नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. कट्ट्यावरच्या वादात यातलं एकच वाक्य वापरलं जातं, आपली पार्टी कुठली त्यावर.

आफ्रिकेने दिलेली उत्तरं

आफ्रिका नंतर गप्प बसली असं मात्र नाही. नायजेरियातला सॅम्युएल अजायी क्राउथर हाही लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला आणि आरमाराने सोडवलेला योरुबा मुलगा. १८६४ साली तो अँग्लिकन चर्चचा पहिला आफ्रिकन बिशप झाला, बायबल योरुबात आणण्याचं मोठं काम त्याने केलं. पण म्हातारपणी तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी त्याच्या हातातला कारभार काढून घेतला. काँगोत सायमन किंबांगूने १९२१ साली जेमतेम काही महिने उपदेश केला. लोक मिशनचे दवाखाने सोडून त्याच्याकडे लोटले, बेल्जियन सरकारने त्याला तुरुंगात टाकलं. तीस वर्षांनी, १९५१ साली, तो तुरुंगातच मेला. त्याच्या नावाचं चर्च आज आफ्रिकेतल्या मोठ्या स्वतंत्र चर्चपैकी एक आहे. टिळकांच्या दरबाराची आठवण येते की नाही?

केनियातलं प्रकरण जास्त अवघड आहे. १९२९ च्या सुमारास मिशनांनी किकुयू समाजातल्या मुलींच्या सुंतेला विरोध केला. प्रथा क्रूर, मुलींच्या जिवावर बेतणारी होती. पण बंदीची भाषा अशी होती की लोकांना ती आपल्या अख्ख्या अस्तित्वावरची बंदी वाटली. हजारो लोक मिशनमधून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. चूक प्रथेला चूक म्हणणारा बाहेरचा असला की ती प्रथा अभिमानाचा विषय होऊन बसते, हे आपल्याकडेही आपण बघितलंय.

अशाच एका किकुयू शाळेत न्गुगी वा थिओंगो हा लेखक सुरुवातीला शिकला. पुढे इंग्रज सरकारने त्या शाळा ताब्यात घेतल्यावर गिकुयू बोलताना सापडलेल्या मुलाला छड्या मिळायच्या, गळ्यात अपमानाची पाटी अडकवली जायची. त्याचं बाप्तिस्म्याचं नाव होतं जेम्स, आपल्या चुमासारखंच. मोठेपणी त्याने ते नाव टाकलं, इंग्रजीत कादंबऱ्या लिहिणं सोडलं आणि १९७८ साली तुरुंगात, टॉयलेट पेपरवर, गिकुयू भाषेत कादंबरी लिहिली. २०२५ मध्ये तो गेला. विल्सनच्या शाळेत दिलेलं जेम्स आणि न्गुगीने टाकलेलं जेम्स यांच्यात शंभरेक वर्षांचं अंतर आहे.

आणि आपण?

आता वर्गात परत या. तुमच्या वर्गात कुणीतरी डिसोझा असेल, फर्नांडिस असेल. कुणी गायकवाड किंवा साळवे असेल, जो रविवारी चर्चमध्ये जातो आणि तुम्हाला माहीतही नाही. त्याला कोणी ना कोणी विचारतंच, "तुझं मराठी एवढं चांगलं कसं रे?" विचारणाऱ्याला ते कौतुक वाटतं. ऐकणाऱ्याला कळतं की आपण अजून पाहुणेच आहोत. २०२० साली उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, झालेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. 'सुबोध बायबल'साठी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला हा माणूस आयुष्यभर मराठीत लिहीत होता. तरी निवड जाहीर झाल्यावर 'पाद्री कसा काय अध्यक्ष' म्हणून विरोध झालाच. चारशे वर्षं मराठीत ओव्या, अभंग, आत्मचरित्रं लिहूनही दाखला मागितला जातो!

दाखला मागणारे आणि १७३६ चं फर्मान काढणारे यांच्यात मला एक साम्य दिसतं. दोघांनाही वाटतं की धर्म, भाषा, कपडे, गाणं हे सगळं एकाच गाठोड्यात बांधलेलं असतं. एक सोडलं की सगळं सोडायला हवं. टिळकांनी, लक्ष्मीबाईंनी, रमाबाईंनी ते गाठोडं सोडून एकेक वस्तू हातात घेऊन बघितली. शरणपूरच्या मुलांना ते गाठोडं उघडायलाच मिळालं नाही.

म्हणून पुढच्या वेळी कट्ट्यावर हा विषय निघाला तर 'मिशनरी चांगले की वाईट' यात वेळ घालवू नका. कोणता मिशनरी, कुठला, कधीचा, आणि समोरच्या माणसाला 'नाही' म्हणायची सोय होती का, एवढं विचारा. आणि हे फक्त मिशनऱ्यांनाच विचारायचं असं नाही. धर्मांतर रोखायला निघालेल्यांनाही विचारा, 'घरवापसी' करणाऱ्यांनाही विचारा. वर्गात मराठी बोललं म्हणून दंड घेणाऱ्या इंग्रजी शाळांना तर जरूर विचारा. तिथे कुठलाच देव बदललेला नसतो, पण गाणं बदलत असतंच. आणि तिथे फी आपण स्वतःच भरतो.